सेंटिमीटर की फूट-इंच? उंचीच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक फूट म्हणजे नक्की किती सेंटिमीटर?

३०.४८. एक इंच म्हणजे २.५४ सेमी, आणि फुटात १२ इंच, झालं. हे २.५४ "जवळपास" वगैरे नाहीये बरं का, बरोब्बर २.५४ आहे, पुढे एकही आकडा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे दोन आकडे (२.५४ आणि १२) डोक्यात राहिले की कुठलीही उंची कुठूनही कुठे नेता येते.

माझी हाइट ५.८ आहे, म्हणजे ५ फूट ८ इंच ना?

तुम्हाला तेच म्हणायचं असणार, पण तुम्ही लिहिलंय वेगळं. हा प्रश्न मी मुद्दाम वर घेतलाय कारण उंचीच्या हिशोबातल्या निम्म्या चुका इथेच होतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

होतं काय, की टिंब दिलं की ते दशांश चिन्ह झालं. ५.८ फूट म्हणजे पाच फूट आणि वर एका फुटाचे दहापैकी आठ भाग. आता फूट १२ इंचांचा, म्हणून ०.८ × १२ = ९.६ इंच. म्हणजे ५.८ फूट हे खरं तर ५ फूट ९.६ इंच, सेमीमध्ये १७६.८. आणि ५ फूट ८ इंच म्हणजे १७२.७. चार सेमीचा फरक पडला, नुसत्या एका टिंबामुळे.

५.१ किंवा ५.२ असेल तर फरक सेमीभरच असतो म्हणून चूक लपून राहते, ५.९ ला तो साडेचार सेमीवर जातो, आणि खरा घोटाळा होतो १० आणि ११ इंचांना. ५.१० लिहिलंत की मशीन शेवटचं शून्य टाकून देतं, कारण त्याच्या दृष्टीने ५.१० आणि ५.१ एकच, आणि मग १७७.८ सेमीचा माणूस कागदावर १५५ सेमीचा होतो. ५.११ चं तर विचारूच नका, साडेचोवीस सेमीचा फटका.

माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ऑनलाइन सायकल मागवताना उंचीच्या रकान्यात त्याने ५.१० टाकलं, तिथून आपोआप फ्रेमची साइझ निवडली गेली, आणि सायकल आली ती अगदी लहान. सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढली तरी वळताना गुडघा हँडलला लागायचा. त्याला वाटलं कंपनीने चुकीचा माल पाठवला, मी ऑर्डरचं पान उघडून बघितलं तर तिथे बारीक अक्षरात १५५ सेमी लिहिलेलं. परत पाठवून दुसरी येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी उंचीत टिंब दिसलं की थांबून विचारतो, फूट-इंच की दशांश?

मग "साडेपाच फूट" म्हणजे ५ फूट ५ इंच का ५ फूट ६ इंच?

५ फूट ६ इंच. साडे म्हणजे अर्धा, आणि अर्धा फूट म्हणजे सहा इंच. हे आपल्या भाषेत फार छान बसतं खरं तर, कारण बाराचे चार भाग तीन-तीनचे पडतात. सव्वापाच फूट म्हणजे ५ फूट ३ इंच, साडेपाच म्हणजे ५ फूट ६, पावणेसहा म्हणजे ५ फूट ९. सेमीमध्ये अनुक्रमे १६०, १६७.६ आणि १७५.३.

पण बोलताना "पाच पाच" म्हटलं की ते ५ फूट ५ इंच असतं (१६५.१ सेमी), आणि कॅल्क्युलेटरवर ५.५ टाकलं की ते साडेपाच होतं. तीन बोलण्यांत दोन वेगळ्या उंच्या. त्यामुळे ऐकणारा लिहून घेत असेल तर "पाच फूट पाच इंच" असं पूर्ण म्हणा, एक शब्द जास्त गेला तर जाऊ दे.

सेमीवरून फूट-इंच मनातल्या मनात कसं काढायचं?

मी असं करतो. पाच फूट म्हणजे १५२.४ सेमी हे पाठ. समोरच्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, जे उरेल त्याला अडीचने भागायचं, ते झाले पाच फुटांच्या वरचे इंच. उदाहरणार्थ १६८ सेमी. १६८ मधून १५२.४ गेले, उरले १५.६, भागिले अडीच म्हणजे सहा आणि थोडं. ५ फूट ६ इंच. कॅल्क्युलेटरवर पक्कं काढलं तर ५ फूट ६.१४ येतं, म्हणजे आपलं बरोबर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, अडीचने भागायचं ते फक्त वरच्या उरलेल्या सेमींना. बरेच जण अख्ख्या उंचीलाच अडीचने भागतात आणि फसतात. १७० ला अडीचने भागलं की ६८ इंच येतात, म्हणजे ५ फूट ८, आणि खरी उंची आहे ६६.९३ इंच, म्हणजे ५ फूट ७. अडीच आणि २.५४ मधलं ते ०.०४ दिसायला किरकोळ आहे पण सदुसष्ट वेळा साचलं की अख्खा इंच खातं.

सहा फुटांच्या वरचा माणूस असेल तर १८२.९ वजा करा. मुलांसाठी चार फूट म्हणजे १२२ धरा, जसं १२८ सेमीचा मुलगा असेल तर १२२ च्या वर ६ सेमी राहिले, अडीचने भागून २.४, म्हणजे ४ फूट अडीच इंचाला जरा कमी.

आणि उलट, फूट-इंचावरून सेमी?

तेच मागून पुढे. ५ फूट ४ इंच असेल तर १५२.४ मध्ये चार अडीच दहा मिळवा, १६२.४. पक्कं उत्तर १६२.५६. बोलण्यापुरतं पुरे. फॉर्मवर भरायचं असेल तर मात्र सगळे इंच आधी एकत्र करा (५ × १२ + ४ = ६४) आणि २.५४ ने गुणा.

रोज रोज गणित नको, एखादी लक्षात ठेवायची युक्ती आहे का?

आहे आणि ती मला फार आवडते. विषम इंच घ्या. ५ फूट १ म्हणजे १५५, ५ फूट ३ म्हणजे १६०, ५ फूट ५ म्हणजे १६५, ५ फूट ७ म्हणजे १७०, ५ फूट ९ म्हणजे १७५, ५ फूट ११ म्हणजे १८०, आणि पुढे ६ फूट १ म्हणजे १८५. पाचापाचाचा पाढाच. दोन इंच म्हणजे ५.०८ सेमी होतात ना, म्हणून हे असं जुळून येतं, आणि चूक कुठेच अर्ध्या सेमीच्या वर जात नाही (५ फूट ३ ला तर ती फक्त ०.०२ आहे). मधले सम इंच हवे असतील तर अडीच मिळवा. हे एकदा डोक्यात बसलं की मोबाइल काढायची गरजच पडत नाही.

एका कन्व्हर्टरने मला ५ फूट १२ इंच दाखवलं, असं असतं का?

नसतं. १२ इंच झाले की पुढचा फूट झाला, म्हणजे ते ६ फूट. १८२ सेमी टाकून बघा, बऱ्याच घरगुती बनवलेल्या कन्व्हर्टरची परीक्षा तिथेच होते. १८२ म्हणजे ७१.६५ इंच, त्यातले पाच फूट आधी काढून घेतले की उरतात ११.६५, आणि ते मग राऊंड केले की १२. चूक गणिताची नाही, क्रमाची आहे. आधी एकूण इंच राऊंड करायचे (७२), नंतर बाराने भागायचं (६ फूट, बाकी ०). स्वतः शीट बनवत असाल तर हाच क्रम ठेवा.

सेमीवरून इंच केले, परत सेमी केले तर उंची बदलली, असं कसं?

राऊंडिंग. १७१ सेमी म्हणजे ५ फूट ७.३ इंच, तुम्ही ५ फूट ७ लिहिलंत, कुणीतरी ते परत सेमीत नेलं, १७०.१८, त्याने १७० लिहिलं. एक सेमी गेला. पूर्ण इंचात लिहिलं की दोन्ही बाजूंना सव्वा सेमीपर्यंत चूक राहू शकते, कारण इंच हे माप सेमीपेक्षा मोठं आहे. म्हणून माझं ठाम मत, मूळ नोंद नेहमी सेमीत ठेवा आणि लागेल तेव्हा तिच्यावरून फूट-इंच काढा. कन्व्हर्ट केलेलं परत कन्व्हर्ट करू नका. फूट-इंचातच लिहायचं असेल तर निदान अर्ध्या इंचापर्यंत लिहा.

फॉर्मवर फूट-इंच कसं लिहायचं? ते ' आणि " काय असतं?

एक रेघ फुटाची, दोन रेघा इंचाच्या, म्हणजे ५'७" हे पाच फूट सात इंच. अडचण अशी की टाइप करताना मोबाइल त्याच रेघांची वाकडी अवतरण चिन्हं करतो, काही वेबसाइट ती स्वीकारत नाहीत, काही गुपचूप उडवतात, आणि मग मागे ५७ एवढंच राहतं. जिथे एकच रकाना आहे तिथे "५ फूट ७ इंच" असं अक्षरात लिहिणं सगळ्यात बरं. दोन रकाने असतील तर प्रश्नच नाही, एकात ५, दुसऱ्यात ७.

काही ठिकाणी नुसते इंच मागतात, तिथे ६७ भरायचं. बाराने भागा, पाच फूट आणि बाकी सात.

एक्सेलमध्ये ५-७ टाकलं तर तारीख होते!

हो, त्याला ती तारीख वाटते, कुणाकडे ५ जुलै होते कुणाकडे ७ मे, कॉम्प्युटरच्या सेटिंगवर आहे. आणि तारीख एकदा झाली की मागे खरा आकडा वेगळाच साठतो, म्हणून नंतर सेलचा फॉरमॅट बदलून ५-७ परत येत नाही. शंभर मुलांची यादी अशी बिघडलेली मी बघितली आहे आणि ती पुन्हा हाताने भरावी लागली. फूट आणि इंचाचे दोन वेगळे कॉलम करा, तिसऱ्यात (फूट × १२ + इंच) × २.५४ चा फॉर्म्युला टाका, सुटलात.

एवढ्या तेवढ्याने काय फरक पडतो?

कपडे घेताना नाही पडत. पण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढताना पडतो कारण तिथे उंचीचा वर्ग होतो, चूकही जवळपास दुप्पट होते. समजा वजन ७० किलो आणि उंची ५ फूट ५ इंच. मीटरमध्ये १.६५१, बीएमआय येतो २५.७. आता तीच उंची कुणी ५.५ फूट म्हणून टाकली तर मीटरमध्ये ती १.६७६ होते आणि बीएमआय २४.९. मधे २५ ची रेघ आहे, जिच्या वर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जास्त वजन धरतात. म्हणजे माणूस तोच, वजनकाटा तोच, आणि एका टिंबावरून तो रेघेच्या अलीकडे की पलीकडे ते ठरलं. डॉक्टरांकडे जाताना उंची सेमीत सांगा असं मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय ते याच्यासाठी.

माझी उंची सकाळी वेगळी आणि रात्री वेगळी येते, टेप खराब आहे का?

टेप नाही, पाठीचा कणा. मणक्यांच्या मधे ज्या चकत्या असतात त्या दिवसभर उभं राहून, बसून दाबल्या जातात, त्यातलं पाणी थोडं बाहेर जातं, रात्री आडवं झालं की त्या परत फुगतात. सकाळी उठल्या उठल्या माणूस एक ते दोन सेमीने उंच असू शकतो आणि त्यातली बरीचशी उंची पहिल्या काही तासांतच जाते. अंतराळात वजनाचा दाबच नसतो म्हणून अंतराळवीरांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, जमिनीवर आले की परत पहिल्यासारखी. त्यामुळे दोन मापांची तुलना करायची तर दोन्ही साधारण एकाच वेळेची घ्या, आणि उंचीच्या दशांशातल्या दुसऱ्या आकड्यावरून वाद घालू नका, तेवढी तर संध्याकाळपर्यंत कमी होते.

घरी नीट कशी मोजायची?

दोन माणसं लागतात, एकट्याने मोजलं की मान वर होतेच. बूट-चपला काढा, अंबाडा किंवा पोनी सोडा. भिंत अशी शोधा जिला खाली स्कर्टिंगची पट्टी नाही, कारण ती पट्टी टाचेला पुढे ढकलते आणि मग पाठ भिंतीला टेकत नाही. गालिचा नको, टणक फरशी हवी. टाचा भिंतीला, गुडघे सरळ, नजर समोर, आणि डोळ्याखालच्या हाडाची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. हनुवटी वर केली की उंची वाढते असं वाटतं, उलट डोक्याचा सगळ्यात उंच भाग मागे झुकतो.

आता डोक्यावर पट्टी ठेवू नका, ती तिरकी होते. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटवा आणि वरून खाली सरकवत डोक्याला टेकवा, केस दाबले जातील इतपत. पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलची खूण. माणूस बाजूला झाला की जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. आईची उंची अशी मोजली तेव्हा पहिल्यांदा १५६, मग १५४.५, मग परत १५४.५ आली, पहिल्या वेळी पुस्तक वाकडं धरलं होतं. म्हणून तीनदा मोजायचंच.

स्टीलच्या टेपचं टोकाचं हूक हलतं म्हणून घाबरू नका, ते मुद्दामच तसं असतं, हुकाच्या जाडीइतकंच मागेपुढे होतं म्हणजे अडकवून मोजा की टेकवून, माप तेच येतं. शिंप्याची कापडी टेप ६० इंचांची असते, पाच फुटांवर संपते, आणि जोडून मोजताना घोळ होतो, शिवाय जुनी झाली की ताणते.

आणि टेपच्या इंचाच्या बाजूने वाचत असाल तर सांभाळून, तिथे एका इंचाचे दहा नाही तर आठ किंवा सोळा भाग असतात. सात इंचांच्या पुढे आठातल्या चौथ्या रेघेवर खूण आली तर ते साडेसात इंच, ७.४ नव्हे. मी तर सरळ सेमीचीच बाजू वाचतो.

तान्ह्या बाळाचं काय?

दोन वर्षांच्या आत झोपवून मोजतात, त्याला लांबी म्हणतात, दोन वर्षांनंतर उभं करून, ती उंची. दोन्हींत फरक येतो, झोपवलेलं माप साधारण ०.७ सेमीने जास्त असतं. तेव्हा दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास बाळ अचानक वाढायचं थांबलं असं तक्त्यावर दिसलं तर आधी मोजायची पद्धत बदलली का ते विचारा.

१.७ मीटर म्हणजे १ मीटर ७ सेमी का?

नाही, १७० सेमी. १ मीटर ७ सेमी म्हणजे १.०७. मीटरमध्ये टिंब खरंखुरं दशांश असतं, तिथे विश्वास ठेवा.

हे २.५४ ठरवलं कुणी?

१९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी मिळून. त्यांनी यार्ड ०.९१४४ मीटर ठरवला, त्याचे ३६ भाग केले की इंच बरोबर २.५४ सेमी येतो. त्याआधी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच अगदी किंचित वेगळे होते. माणसाच्या उंचीत हा फरक काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण जमीन मोजणीत शेकडो किलोमीटरवर तो जाणवतो, म्हणून अमेरिकेत मोजणीचा जुना वेगळा फूट २०२२ च्या शेवटपर्यंत टिकून होता. गंमत म्हणजे इंचाची व्याख्या मीटरवरूनच केलेली आहे, म्हणजे फूट-इंचात बोलणारे लोकही आतून मेट्रिकच वापरतात.

खेळाडूंची उंची प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिसते?

एक तर बूट. एक इंचाचा सोल म्हणजे अडीच सेमी. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगने २०१९ मध्ये संघांना खेळाडूंची बुटाशिवायची उंची कळवायला लावली तेव्हा कित्येकांचे आकडे बदलले. दुसरं कारण वर सांगितलं तेच, सेमीवरून इंच, इंचावरून परत सेमी.

नेपोलियन ५ फूट २ इंचच होता ना?

हो, पण कुठला फूट ते विचारा! १८२१ साली तो वारला तेव्हा नोंदवलेलं माप फ्रेंच फूट-इंचात होतं, आणि जुना फ्रेंच फूट ३२.४८ सेमीचा, इंच २.७०७ सेमीचा. पाच गुणिले ३२.४८ म्हणजे १६२.४, वर दोन इंचांचे ५.४, मिळून जवळजवळ १६८ सेमी. आजच्या मापात साधारण ५ फूट ६ इंच, त्या काळच्या फ्रेंच माणसांमध्ये बुटका मुळीच नाही. इंग्रजी फुटाने वाचलं की तोच आकडा १५७ सेमी होतो आणि गेली दोनशे वर्षं लोक तेच वाचतायत.

घोड्याची उंची १५.२ लिहिलेली बघितली, ती कशात?

हँडमध्ये. एक हँड म्हणजे ४ इंच, खांद्याच्या वरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. आणि इथेही टिंब दशांश नाही बरं, १५.२ म्हणजे १५ हँड आणि २ इंच, एकूण ६२ इंच, १५७.५ सेमी. १५.३ नंतर थेट १६ येतो.